नळदुर्गाला लेकरं नेताना

इतिहासाच्या सहलीला मुलांसोबत जाणाऱ्या मोठ्या माणसावर दोन कामं असतात. नेलेलं प्रत्येक लेकरू धडधाकट घरी आणायचं, हे पहिलं. आणि जिथं नेलं तिथं काय घडलं होतं, ते त्याला कळावं, हे दुसरं. बहुतेक सहलींत पहिल्याच कामात जीव दमतो आणि दुसरं राहून जातं. मुलं किल्ला बघतात, फोटो काढतात, वेफर्स खातात आणि परत येतात. इंग्रज, निजाम, आदिलशाही सगळं डोक्यात एकत्र कालवलेलं. तयारी नीट केली तर दोन्ही कामं एका दिवसात होतात. लातूरहून सातवी-आठवीचा एक वर्ग नळदुर्गाला न्यायचा असेल तर काय करावं, ते इथं क्रमानं लिहिलं आहे. शिक्षकांसाठी तर आहेच, पण सोबत म्हणून जायला तयार झालेल्या आई-वडिलांसाठी जास्त आहे, कारण त्यांना सहसा कुणी काही सांगतच नाही.

नळदुर्गच का? मराठवाड्यातल्या मुलांना वाटतं की इंग्रज पुण्या-मुंबईत होते, आपल्याकडे निजाम होता. हे अर्धंच खरं आहे. नळदुर्ग आणि भोवतालचा मुलूख १८५३ ते १८६० अशी सात वर्षं थेट इंग्रजांच्या कारभारात होता, आणि तो लढाईत गेला नव्हता. फौजेच्या थकलेल्या पगाराच्या हिशोबात गेला होता. परकी सत्ता एखादा मुलूख गोळी न झाडता कशी घेते, हे समजायला आपल्या भागात याहून चांगली जागा नाही.

तारीख

पावसाळ्यात नळदुर्गाचा धबधबा जोरात असतो आणि त्याच काळात दगड सर्वांत निसरडे असतात. शाळेची सहल तेव्हा नेऊ नये. धबधबा आई-वडिलांसोबत बघायचा. शाळेसाठी दिवाळीनंतर ते जानेवारी हाच काळ बरा. धबधबा तेव्हा बहुधा नसतो, हे मुलांना आधीच सांगून टाका. नाहीतर तिथं पोचल्यावर अर्ध्या वर्गाचे चेहरे उतरतात.

कॅलेंडर उघडून पौष पौर्णिमा बघा. त्या दिवशी नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा असते, आणि तुळजापूरचं शाकंभरी नवरात्रही त्याच पौर्णिमेला संपतं. दोन्हीकडचे रस्ते माणसांनी भरतात. तो आठवडाच टाळा. मंगळवार, शुक्रवार आणि कोणतीही पौर्णिमा टाळली तर तुळजापूरकडून जाणाऱ्या गाडीला त्रास होत नाही.

इथं एक आग्रह हमखास होतो: एवढं जातोच आहोत तर देवीचं दर्शन घेऊन येऊ. भावना खरी आहे, पण चाळीस मुलं रांगेत उभी केली की किल्ल्याला वेळ उरत नाही आणि परतायला अंधार होतो. पालकसभेत स्पष्ट सांगा की ही सहल किल्ल्याची आहे. मुलांना दर्शनाला न्यायचं असेल तर ती वेगळी सहल काढा.

आधी स्वतः जाऊन या

सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी दोघांनी नळदुर्गाला जाऊन यावं. एक शिक्षक आणि सोबत येणाऱ्या पालकांपैकी एक. फोनवर विचारून हे काम होत नाही. गाडी कुठं उभी राहील, तिथून दरवाजापर्यंत रस्ता ओलांडावा लागतो का, तिकीट किती आणि शाळेला सवलत आहे का, किल्ला कोणत्या वारी बंद असतो, पिण्याचं पाणी कुठं मिळतं, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का आणि ते उघडं असतं का, हे सगळं डोळ्यांनी बघून वहीत लिहा. सावली कुठं आहे तेही लिहा. डिसेंबरातही दुपारी बाराचं ऊन तिथल्या काळ्या दगडावर चांगलंच तापतं.

त्याच फेरीत तीन धोके नजरेखालून घाला. पहिला पाणीमहालाचा, म्हणजे बंधाऱ्याच्या पोटातल्या महालाचा, जिना: अरुंद, अंधारा आणि काही पायऱ्यांवर ओल. दुसरा तटाच्या कडा आणि बुरुजाचा माथा, जिथं कठडा मुलांच्या कमरेइतकाही नाही अशा जागा. तिसरा म्हणजे मधमाश्या. जुन्या किल्ल्यांत कमानींखाली आणि उंच भिंतींवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. पहारेकऱ्याला विचारा, तो लगेच दाखवतो. मोहोळ असलेल्या भागात वर्ग न्यायचा नाही, अगदी तिथून सर्वांत सुंदर देखावा दिसत असला तरी.

परत निघण्याआधी नळदुर्गच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता एकदा गाडीनं जाऊन बघा. सोलापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे, मोठी गरज पडली तर तिकडे. १०८ सगळ्यांना पाठ असतो, पण किल्ल्याच्या आत फोनला रेंज कुठं येते आणि कुठं नाही, हे त्या दिवशी शोधत बसायला नको.

कागद आणि गाडी

मुख्याध्यापकांचा अर्ज, शिक्षण विभागाची परवानगी आणि प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र या तिन्हींशिवाय गाडी हलवायची नाही. संमतीपत्रावर फक्त ‘परवानगी आहे’ एवढंच छापू नका. लेकराला दमा आहे का, फिट येते का, कोणत्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी आहे, गाडी लागते का, रोजची गोळी कोणती, आणि पालकांचा फोन लागला नाही तर दुसरा कुणाचा लावायचा, एवढं विचारा. हा कागद कपाटात ठेवायचा नसतो. त्याची एक प्रत त्या मुलाच्या गटाच्या सोबत्याकडे असली पाहिजे.

गाडी एसटीचीच घ्या. आगार व्यवस्थापकाला शाळेचं पत्र दिलं की प्रासंगिक करारावर गाडी मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत असते. सहलीच्या हंगामात गाड्यांची ओढाताण असते, म्हणून महिनाभर आधी नोंदवा. खाजगी गाडी थोडी चकचकीत मिळते, पण तिचा चालक रात्रभर दुसरी फेरी मारून आला आहे की नाही, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. रात्रीचा प्रवास कोणत्याही परिस्थितीत नको. सकाळी सहाला निघा आणि दिवेलागणीला शाळेत परत या, वेळापत्रक याच बेतानं बसवा.

वर्गातला तास: गहाणवट

सहलीच्या आदल्या आठवड्यात एक तास या कामाला द्या. हा तास घेतला नाही तर किल्ल्यातली सगळी बडबड वाऱ्यावर जाते. सोबत येणाऱ्या पालकांनाही त्या तासाला बोलवा आणि मागच्या बाकावर बसवा. किल्ल्यात मुलं प्रश्न विचारतील ते त्यांनाच.

फळ्यावर गोष्ट अशी मांडा. १७९८ मध्ये निजामानं इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. हे पुस्तकात आहेच. तिच्या खर्चापोटी १८०० मध्ये त्यानं दक्षिणेतला मोठा मुलूख देऊनही टाकला. म्हणजे तो हिशोब तिथं मिटायला हवा होता. पण त्यानंतर हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात आणखी एक फौज उभी राहिली. नाव निजामाचं, पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी मात्र इंग्रज. पुढं हिलाच हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. ही फौज ठेवायची की नाही आणि केवढी ठेवायची, हे निजामाच्या हातात उरलं नाही. खजिना रिकामा पडायला लागला. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती; ती निजामाला जबर व्याजानं पैसे पुरवायची. पेढी बुडाली, कर्ज राहिलं. पुढं पगार भागवायला ईस्ट इंडिया कंपनीचं सरकारच पैसे देऊ लागलं आणि ते निजामाच्या नावे मांडू लागलं. १८५३ पर्यंत तो आकडा चाळीस लाख रुपयांच्या वर गेला. लॉर्ड डलहौसीनं तगादा लावला, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात करार झाला: वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात. उत्पन्न ते वसूल करणार, त्यातून फौजेचा पगार भागवणार.

आपल्या भागातल्या मुलांना हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. सावकारानं गहाण घेतलेली जमीन, पीक त्याच्या घरी आणि सातबारा आपल्या नावावर, ही गोष्ट वर्गातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. फक्त इथं ज्या चाकरीसाठी कर्ज झालं ती चाकरीही सावकारानंच गळ्यात बांधली होती, एवढं सांगा आणि थांबा. पुढचं मुलं स्वतः बोलतात.

आता चार गट पाडा. सहलीला जे गट असणार आहेत तेच. पहिला गट निजामाचा खजिनदार, दुसरा इंग्रज रेसिडेंट, तिसरा फौजेतला शिपाई, चौथा नळदुर्गाजवळच्या गावातला शेतकरी. प्रत्येक गटाला कागदावर एक प्रश्न द्या, तो किल्ल्यात नेऊन सोडवायचा. खजिनदाराला: या महिन्याचा पगार थकला, तू काय विकशील, काय गहाण ठेवशील? रेसिडेंटला: मुलूख मागताना तू कोणतं कारण पुढं करशील? शिपायाला: पगार निजामाचा, हुकूम गोऱ्या साहेबाचा, तू कुणाचा माणूस? शेतकऱ्याला: उद्यापासून सारा दुसऱ्या कचेरीत भरायचा, हे ठरवताना तुला कुणी विचारलं का? चौथ्या गटाचं काम सर्वांत अवघड आहे. त्यांच्यासाठी पुस्तकात उत्तर नाही. तिथं वर्गातली विचारी मुलं घाला.

गट, जोड्या, मोजणी

दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. वर्गात मुली असतील तर सोबत्यांमध्ये किमान दोन बायका हव्यातच, एक मुलींसोबत स्वच्छतागृहाकडे थांबली तरी दुसरी गटाजवळ राहते. मूल ज्या गटात आहे त्या गटाचा सोबती त्याचे आई-वडील नसावेत. आईचं लक्ष आपल्याच लेकराकडे जाणार, त्यात तिचा दोष नाही, म्हणून ही वाटणी आधीच करून टाका.

प्रत्येक गटात मुलांना एक ते दहा नंबर द्या. मोजताना सोबत्यानं डोकी मोजायची नाहीत. मुलांनी क्रमानं आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा. डोकी मोजताना हलणारी मुलं दोनदा मोजली जातात. नंबरात मात्र एखादा गळला की तिथंच शांतता पडते आणि कोण नाही ते नावानिशी कळतं. शिवाय जोड्या लावा, एक-दोन, तीन-चार अशा. जोडीदाराला न सांगता कुठं जायचं नाही. मोजणी गाडीत चढल्यावर, वाटेतल्या प्रत्येक थांब्यानंतर, दरवाजातून आत गेल्यावर, पाणीमहालात उतरण्याआधी आणि वर आल्यावर, जेवणानंतर, परत निघताना. कंटाळा आला तरी एकही गाळायची नाही.

मुलाच्या गळ्यात नावाची पाटी लावतात, त्यावर नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. शाळेचं नाव आणि सोबत्याचा फोन पुरे. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की लहान मूल विश्वास टाकतं.

डबा आणि पिशवी

डबा घरचा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, गुळाचा खडा. धपाटे दुपारपर्यंत खराब होत नाहीत आणि हातात धरून खाता येतात. दही, चटणीतलं ओलं खोबरं, भाताचे प्रकार नकोत. ज्यांच्या घरी पहाटे डबा होणं शक्य नाही अशी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी सोबत्यांनी आपल्या डब्यात जास्तीचे धपाटे आणावेत आणि जेवताना सगळ्यांचं मधे ठेवावं, म्हणजे कुणाचं काय ते कळत नाही. खर्चायला पैसे किती आणायचे ते वर्गानं एकच ठरवावं आणि ते कमीच असावेत.

प्रत्येक सोबत्याच्या पिशवीत प्रथमोपचाराचं साहित्य, ओआरएसची पाकिटं, उलटीसाठी कागदी-प्लॅस्टिकच्या पिशव्या, टॉवेल, जास्तीचं पाणी, शिट्टी, बॅटरी, आणि बायकांकडच्या पिशवीत सॅनिटरी पॅड. गोळी कोणतीही असो, पालकांनी लिहून दिल्याशिवाय द्यायची नाही, अगदी साधी डोकेदुखीचीसुद्धा. गाडी लागणारी मुलं पुढच्या बाकांवर, खिडकीकडे, आणि सकाळी त्यांनी अगदी उपाशी किंवा तडस लागेपर्यंत खाऊन यायचं नाही.

किल्ल्यात

साडेनऊ-दहापर्यंत पोचलात तर उन्हाच्या आत अवघड भाग उरकतो. आधी स्वच्छतागृह, मग मोजणी, मग दरवाजा.

दरवाजाच्या आत, सावली बघून, सगळ्या मुलांना खाली बसवा आणि मेडोज टेलरची गोष्ट इथं सांगा. फिलिप मेडोज टेलर, जन्म १८०८, लिव्हरपूल. पोरसवदा वयात हिंदुस्थानात आला आणि १८२४ मध्ये निजामाच्या नोकरीत शिरला. मराठी, फारशी, हिंदुस्तानी बोलायचा. हिंगोलीच्या छावणीत होता. १८३९ मध्ये ठगांवरची त्याची कादंबरी विलायतेत गाजली. पुढं ‘तारा’ नावाची दुसरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आल्यावर नळदुर्गचा कारभारी म्हणून टेलर आला आणि १८५७ पर्यंत इथं राहिला. त्यानं जमिनीची मोजणी केली, रस्ते केले.

आणि आता मुलांना एक धागा दाखवा: ज्या विल्यम पामरच्या पेढीनं निजामाला कर्ज दिलं होतं, त्याचा टेलर हा जावई. कर्ज देणाऱ्या घरातलाच माणूस गहाण पडलेल्या मुलखाचा अधिकारी. यात कट होता असं सांगू नका, तसं म्हणायला आधार नाही. एवढंच दाखवा की सत्ता, पैसा आणि नाती त्या काळी किती जवळजवळ राहत होती.

मग एखादं मूल विचारणारच, तो चांगला होता का वाईट? इथं सोबत्यानं घाई करू नये. टेलर लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचा, हे खरं. त्याला इथल्या कुणी नेमलं नव्हतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी मुलाच्या हातात द्या आणि त्याच्या गटाच्या कागदावरचा प्रश्न परत वाचायला सांगा. शेतकऱ्यांच्या गटात यावर चांगली चर्चा रंगते. कुणी म्हणतं रस्ता झाला ना, कुणी म्हणतं रस्ता कुणाच्या पैशानं झाला. इथं दहा मिनिटं गेली तरी चालतील.

पुढं पाणीमहाल. दिवसातली सर्वांत सावध अर्धी घटका हीच, म्हणून क्रम घट्ट पाळा. बंधाऱ्यावर गेल्यावर तीन गट कडेपासून लांब, बसवून ठेवायचे; उभं राहायचं नाही. एकच गट खाली उतरेल. सर्वांत पुढं एक मोठं माणूस बॅटरी घेऊन, सर्वांत मागं गटाचा सोबती. मधली मुलं एका हातानं भिंत धरून, दुसरा हात रिकामा. पाण्याची बाटली, मोबाइल, डबा सगळं वर ठेवून जायचं. खाली खिडक्यांशी एका वेळी दोघंच, बाकीचे भिंतीला टेकून. वर आल्यावर नंबर, मगच पुढचा गट. वर बसलेल्या गटांना तोवर कागदावरचं उत्तर लिहू द्या, म्हणजे ती चुळबुळत नाहीत.

खाली गेल्यावर मुलांना काय सांगायचं? हेच की हे इंग्रजांनी बांधलेलं नाही. बोरी नदी अडवणारा हा बंधारा आणि त्याच्या पोटातला महाल इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. नदी भरली की पाणी नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून खाली झेपावतं आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात; खिडकीतून बघणाऱ्यासमोर पाण्याचा पडदा असतो. फारशी शिलालेखाकडे बोट दाखवा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल, मुलांनी ती जवळून बघावीत, पण हात लावू नये. टेलर येण्याआधी सुमारे दोनशे चाळीस वर्षं इथल्या माणसांना पाण्याचा हा हिशोब येत होता, हे इथंच, ओल्या दगडाशी उभं राहून सांगितलं की लक्षात राहतं. इंग्रजांनी आम्हाला शहाणं केलं, असं मुलांनी कुठं कुठं वाचलेलं, ऐकलेलं असतं. त्याला उत्तर म्हणून भाषण नको, ही भिंत पुरे.

बंधाऱ्यापलीकडचा जोडकिल्ला, रणमंडळ, लांबूनच दाखवा. तिथं गेलं तर वेळही जातो आणि मुलं पांगतात.

उपळ्या बुरुजावर सगळ्यांना न्यायचंच असं नाही. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी एका सोबत्याबरोबर खाली थांबावं आणि त्यांना कुणी चिडवलं तर त्या मुलाला तिथंच, शांतपणे, अडवावं. वर गेल्यावर तोफांवर चढणं नाही, कठड्यावर बसणं नाही, कडेला पाठ करून सेल्फी नाही. भिंतींवर खडूनं, किल्लीनं नावं कोरलेली दिसतील. ती दाखवून सांगा की हे आपल्या शाळेकडून होणार नाही. मोहोळ उठलंच तर डोकं-तोंड ओढणीनं, टॉवेलनं झाकायचं, हात हलवून माश्या मारायच्या नाहीत आणि सोबती नेईल त्या वाटेनं लगेच आडोशाला जायचं, कडेच्या दिशेनं पळायचं नाही. हे गाडीतच एकदा करून दाखवलेलं असावं.

१९४८ बद्दल बोलताना

इथवर इंग्रजांचा इतिहास झाला. पण या किल्ल्याशेजारच्या पुलावर आणखी एक दिवस घडलेला आहे आणि मुलं त्याबद्दल विचारणारच. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद राज्यात शिरलं. पहिली चकमक नळदुर्गाशीच झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामाचं राज्य संपलं. आपण १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा लावतो तो त्यासाठी. निजामाचं सिंहासन दीडशे वर्षं इंग्रजांच्या संगिनींच्या भरवशावर टिकलं होतं. इंग्रज निघून गेल्यावर तेरा महिन्यांत ते पडलं, हा दुवा मुलांना जोडून द्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे पुढारी होते. ते गाव याच भागातलं, आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

इथं सोबत्यावर मोठी जबाबदारी येते. आपल्या वर्गांत आयेशा आणि अंजली एका बाकावर बसतात. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार घराघरांतून सांगितले जातात आणि ते खरे आहेत. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरलाच वकिली करायचा. पण रझाकार आणि मुसलमान हे एकच, असा अर्थ एकाही लेकराच्या मनात जाऊ देऊ नका. हैदराबादेत ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहायचा. त्याला रझाकारांनीच मारलं. आणि सैन्याच्या या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, सामान्य मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, त्याची चौकशी सुंदरलाल समितीनं केली; सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली. आठवीच्या मुलाला हे सगळं सांगायचं नसतं, पण सोबत्याला ते माहीत असलं की तोंडून भलतं वाक्य निघत नाही. एखादं मूल आजोबांची गोष्ट सांगायला लागलं तर पूर्ण ऐका. त्यावर दुसऱ्या मुलाला टोमणा मारू देऊ नका.

परतताना

अडीचला गाडी हलली पाहिजे. गाडीत चारही गटांनी आपलं उत्तर एकेका मिनिटात सांगायचं, मोठ्यानं वाचून. मग झोपू द्या, गाणी म्हणू द्या. १८६० मध्ये काय झालं, हे मात्र कुणीतरी विचारेपर्यंत सांगू नका, आणि विचारलं की सांगा: रायचूरचा दुआब आणि नळदुर्गाचा मुलूख निजामाला परत मिळाला, उरलेलं कर्जही माफ झालं. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं, त्याचं हे बक्षीस. वऱ्हाड मात्र परत आलं नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं. अमरावती-अकोल्याकडच्या पाहुण्यांची शाळा-कचेरीची रीत आपल्यापेक्षा वेगळी का वळली, याचा एक धागा तिथं आहे.

शाळेत उतरल्यावर शेवटची मोजणी, आणि प्रत्येक मूल ज्याच्या स्वाधीन केलं त्याची सही. मोठ्या भावाकडे, शेजाऱ्याकडे द्यायचं असेल तर पालकांना फोन करूनच. शेवटचं लेकरू जाईपर्यंत कमीत कमी दोन सोबत्यांनी थांबायचं.

नांदेडच्या शाळांसाठी

नांदेडहून नळदुर्ग एका दिवसात करू नका. मुलांचा अर्धा दिवस गाडीतच जातो. तुळजापूरला मुक्काम जमत असेल तर ठीक, पण मुक्कामाची सोबत ही वेगळी तयारी मागते: रात्री जागं राहणारी माणसं, खोल्यांची वाटणी, मुलींच्या खोलीशी बाई. तेवढी माणसं नसतील तर हीच गोष्ट जवळ सांगता येते. रसेलच्या ज्या फौजेचं वर्णन वर आलं, तिनंच १८१९ च्या जानेवारीत नांदेडच्या उत्तरेला नोवसाजी नाईकांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला होता. नाईकांच्या हटकरांनी तीन आठवडे झुंज दिली. हिंगोलीला त्या फौजेची छावणी होती, ती १९०३ पर्यंत राहिली. वर्गातला गहाणवटीचा तास तसाच घ्या, चार गट तसेच पाडा. फक्त चौथ्या गटाचा प्रश्न बदला: गढीत कोंडलेल्या माणसाला विचारायचं, बाहेर उभी असलेली फौज तुझ्या राजाची की कंपनीची?